घोड्याची कमान

आमच्या आबांना मऊ असं काहीच चालत नसे. भात दाताखाली लागला पाहिजे. पोळी तव्यावरून उतरली की वाफेने मऊ पडायच्या आत पानात पडली पाहिजे. उशी नको, गादी नको, सदऱ्याच्या कॉलरला खळ हवीच. फोनवर कुणी "धुमाल साहब बोल रहे हैं?" असं विचारलं की त्याचं काम काय आहे हे कळायच्या आधी त्याची शिकवणी सुरू व्हायची. "धुमाल नहीं, धुमाळ. जीभ ऊपर लगाओ. ळ!" पलीकडचा बिचारा 'धुमाड', 'धुमार' असं काहीबाही म्हणून बघायचा. एकदा सिलिंडरवाल्याने कंटाळून फोन ठेवून दिला आणि त्या दिवशीचा स्वयंपाक मी शेजारच्या शर्मा भाभींच्या गॅसवर केला. आबांना त्याचं काही वाटलं नाही. "लोकांनी आपला ळ मऊ करून त्याचा ल केला, आणि आपण करू दिला," ते म्हणाले. "आज ळ गेला, उद्या दुसरं काही जाईल."

आबा म्हणजे माझे सासरे, वसंतराव धुमाळ. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. आबांनी स्वतः कधी तलवार उचलली नाही. ते पाणीपुरवठ्याच्या कामावर उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता होते, जन्मभर या शहराला पाणी देत राहिले. पण चालणं, बोलणं, पानावर बसणं, सगळं असं की आत्ता कुणीतरी तुतारी फुंकेल आणि हे निघतील.

मी सांगलीची. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "सूनबाई, काय करून राहिली?" मी विचारात पडले, की मी काय केलं आणि कुठे राहिले! इथली मराठी हिंदीच्या सावलीत वाढलेली, ती कानात बसायला मला वेळ लागला. आबा मनात बसायला मात्र वेळ लागला नाही. कंपू नावाच्या भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला नोकरी मिळाली तेव्हा नातेवाइकांत जरा कुजबुज झाली. पहिल्या दिवशी मी निघाले तर माझा पांढरा अ‍ॅप्रन खुंटीवर नव्हता. तो आबांनी खळ घालून, इस्त्री करून खुर्चीत ठेवला होता. ठेवला म्हणजे बसवलाच होता, कारण तो आपल्या आपण ताठ बसला होता. "घालून जा. माणूस कसा, कडक दिसला पाहिजे," ते म्हणाले. त्या दिवसापासून दर रविवारी माझ्या अ‍ॅप्रनला खळ घालायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. मान काचायची, पण मी तो घालायची. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, आणि न रागावता त्याच्याबरोबर राहताही येत नाही.

आता त्या रायफलीबद्दल सांगायला हवं.

खासगी बाजार नावाच्या जुन्या पेठेतलं घर विकून कुटुंब पांगलं तेव्हा तलवारी आणि भाले चुलत घरांत गेले आणि आबांच्या वाट्याला एक रायफल आली. ती घेऊन ते हरिशंकरपुरमच्या या घरात राहायला आले. रायफल फार जुनी, एका वेळी एकच गोळी भरायची. तिची गोळी आता कुणी बनवत नाही, त्यामुळे ती कुणी झाडलेली कोणाच्याही आठवणीत नाही. परवाना आहे, तोही वारसाहक्काने आलेला. वर्षभर ती माझ्या आजेसासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून लोखंडी कपाटात पडून असायची आणि खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शस्त्रांच्या पूजेला बाहेर यायची. लाल कापड अंथरायचं, त्यावर ती ठेवायची, हळदकुंकू, झेंडू. पूजा झाली की घरातल्या थोरल्या मुलाने ती उचलायची, घोडा, म्हणजे गोळीवर आदळणारा हातोडा, मागे ओढून चढवायचा आणि रिकाम्या नळीवरच चाप ओढायचा. 'टक्' असा खणखणीत आवाज यायचा. तो आवाज ऐकला की आबांचा चेहरा खुलायचा आणि मग ते म्हणायचे, "चला, पानं घ्या." त्या 'टक्'शिवाय आमच्या घरी नवमीचं जेवण झालेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या नवमीला थोरल्या आणि एकुलत्या एका मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सुधीरने, नेहमीसारखा घोडा ओढला. टक् झालं नाही. आत काहीतरी पिचल्याचा आवाज आला आणि घोडा लुळा होऊन मागेपुढे हलायला लागला. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली होती. शंभरावर वर्षं जुनी पोलादी पट्टी ती, कधीतरी तुटायचीच. त्या दिवशी आबांच्या हातात रायफल असती तर त्यांच्या हातून तुटली असती. पण पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत आबा म्हणाले, "याच्या हातात काही टिकत नाही."

सुधीर गावाबाहेरच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि तो कारखाना त्याच महिन्यात बंद पडला होता. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. सुधीरने रायफल परत लाल कापडावर ठेवली, हात जोडले आणि तो आत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं.

बंद झालं म्हणजे माझ्यामार्फत सुरू झालं. "आबांना सांग, विजेचं बिल भरलं." "सांगते." "त्याला सांग, स्कूटरची चावी टेबलावर आहे." "सांगते." एकाच टेबलाशी दोघे जेवत असायचे आणि मीठ माझ्या हातून फिरायचं. सुधीरला पुढे सुट्या भागांच्या एका दुकानात काम मिळालं. ते आबांना मी सांगितलं. "बरं झालं, त्याला सांग," असं आबा म्हणाले, तेही मीच सांगितलं. सुरुवातीला वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग वाटलं, दिवाळीत निवळेल. मग मी काही वाटून घेणंच सोडलं आणि सांगत राहिले.

इकडे आबांनी जाहीर केलं होतं, की खंडित मूर्ती देव्हाऱ्यात चालत नाही तसं खंडित शस्त्र पूजेत चालत नाही. पुढच्या नवमीच्या आत कमान बसली तरच रायफल कापडावर जाईल आणि तरच पूजा होईल. आणि कमान ते स्वतः बनवतील. बाजारातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याने रायफल ठेवून जायला सांगितलं, ते यांना मान्य नव्हतं. परदेशात अशा जुन्या बंदुकांचे भाग बनवून विकतात असं सुधीरने शोधून माझ्यामार्फत कळवलं, तर उत्तर आलं, "त्याला सांग, दुसऱ्याच्या कमानीवर आपला घोडा उभा राहणार नाही."

कमान दिसायला अगदी साधी. बोटाएवढी पोलादी पट्टी, मधोमध चिमट्यासारखी दुमडलेली. घोडा ओढला की ती दबते आणि चाप ओढला की उसळते. आबांनी कुठूनतरी टेम्पोच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगपट्टीचा तुकडा पैदा केला आणि मागच्या अंगणात कानस घेऊन बसले. महिनाभर घरात एकच आवाज, खर्र खर्र. माझ्या दातांना शिणका यायच्या. पट्टी घासून, तापवून, दुमडून, तुटलेल्या तुकड्यांशी ताडून बघून शेवटी तिला आकार आला, आणि मग आबा माझ्या स्वयंपाकघरात शिरले. कारण आता पाणी द्यायचं होतं.

लोखंडाला पाणी देणं म्हणजे ते लाल होईपर्यंत तापवून एकदम गार करणं, की ते कडक होतं. हे गार करणं पाण्यात करा नाहीतर तेलात करा, म्हणायचं पाणीच. आबांनी तेल निवडलं. माझं मोहरीचं तेल. माझ्याच पातेल्यात. सांडशीत धरलेली लालभडक पट्टी त्यांनी तेलात बुडवली आणि भपकन जाळ वर आला. मी ओरडले. धूर खिडकीतून बाहेर गेला आणि शर्मा भाभी कुंपणापलीकडून ओरडल्या, "अरे भाभी, क्या जल रहा है?" आबांनी खिडकीतून शांतपणे उत्तर दिलं, "कुछ नहीं, पानी दे रहे हैं!" ती माउली ते ऐकून भरलेली बादली घेऊन धावत आली. आबांनी त्यांना दारातच थांबवलं, नाहीतर पट्टी, तेल, गॅस आणि आम्ही दोघं, सगळ्यांनाच पाणी मिळालं असतं.

पट्टी गार झाल्यावर आबांनी तिच्यावर कानस फिरवून बघितली. कानस सरकून गेली, ओरखडासुद्धा उठला नाही. "बघ सूनबाई! कडक!" त्यांचा आनंद बघण्यासारखा होता. त्यांनी ती रायफलीत बसवायला घेतली, पक्कडीने जराशी दाबली, आणि टण्! दोन तुकडे.

आबांनी दोन्ही तुकडे उजेडात धरून बघितले. मग म्हणाले, "पोलाद ठीक नव्हतं." पुढची कमान तुटली तेव्हा तेल ठीक नव्हतं. त्याच्या पुढची तुटली तेव्हा गॅसची आच ठीक नव्हती. एकदा तर ऐन वेळी मी खिडकी उघडून वारा आत येऊ दिला म्हणून तुटली. हिवाळा गेला, उन्हाळा आला, मी तेलाचं पातेलं कायमचं त्यांना देऊन टाकलं. दर वेळी तेच. खर्र खर्र, जाळ, कडक, टण्. त्या 'टण्'ची मला इतकी धास्ती बसली, की लॅबमध्ये कुणाच्या हातून काचपट्टी पडली तरी मला वाटायचं, गेली, आजचीही गेली.

एकदा मी न राहवून म्हटलं, "आबा, ती इतकी कडक आहे म्हणून तर तुटतेय. जरा वाकायला नको का?"

"वाकेल ती कमान कसली?" आबा म्हणाले.

"अहो, कमान वाकण्यासाठीच असते!"

"तू लॅबमध्ये रक्त तपासते ना? ते तपास."

मी भांडी घासायला घेतली आणि जरा जास्तच आपटली.

खरी चीड येण्याची गोष्ट अशी, की हे सगळं का होतंय ते घरातल्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. सुधीरने कारखान्यात जन्म घालवला होता तो याच कामात. नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. पाणी दिल्यावर ते परत बेताने तापवून त्याचा थोडा कडकपणा काढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे ते वाकूनही न तुटणारं होतं. हे त्याने मला कितीदा सांगितलं. मी म्हटलं, "हे मात्र मी सांगणार नाही. माझ्या तोंडून ते ऐकणार नाहीत. तू स्वतः जा." आठवडाभर त्याचं आज-उद्या चाललं. शेवटी एका रविवारी दुपारी तो उठला आणि अंगणात गेला. शर्मा भाभींचे यजमान तिथेच आबांशी बोलत बसले होते. सुधीर समोर उभा राहिला आणि त्या नवमीनंतर पहिल्यांदा वडिलांशी थेट बोलला.

"आबा, पाणी दिल्यावर ते थोडं उतरवावं लागतं."

सांगलीत हे वाक्य कुणी कुणाला म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण हे ग्वाल्हेर. इथे पानी उतरना म्हणजे अब्रू जाणं, चारचौघांत मान खाली जाणं. आबा पिढ्यान्‌पिढ्या इथले, मराठी बोलतानाही त्यांचा कान हिंदी. शेजारी बसलेल्या शर्माजींनी 'पानी' आणि 'उतर' एवढं ऐकून भुवया वर केल्या, आणि आबांचा चेहरा लाल झाला.

"माझ्या घरात, माझ्यासमोर, माझं पाणी उतरवायला निघाला?"

"अहो, पोलादाचं म्हणतोय मी!"

"पोलादाचं काय आणि माणसाचं काय! या घराण्यात आजवर कुणाचं पाणी उतरलेलं नाही. कमानीचंही उतरणार नाही."

सुधीर वळला आणि स्कूटर काढून निघून गेला. इतक्या महिन्यांनी एक वाक्य बोलला आणि नेमकं तेच असं निघालं! मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. संध्याकाळी आबा म्हणाले, "त्याला सांग, माझ्याशी बोलायचं तर नीट बोलावं." मी आबांना आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "सांगणार नाही." आबांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून आपल्या खोलीत गेले. तरी रविवार होता म्हणून थोड्या वेळाने न्हाणीघरातून खळीचा वास आला. माझा अ‍ॅप्रन भिजत पडला होता.

त्यानंतर कानशीचा आवाज बंद झाला. पावसाळा लागला होता, नवमी फार लांब नव्हती. आबा अंगणात नुसते बसून असायचे, मांडीवर रिकामी सांडशी. ते बघवेना. तुटताना बघून वैताग यायचा, पण हे त्याहून वाईट होतं.

तोडगा निघाला तो लोणच्यावरून. जेवताना आबांनी बरणीतली फोड चावून बघितली आणि म्हणाले, "हे अजून मुरलं नाही." माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"आबा, तुमच्या कमानीचंही तेच होतंय. तुम्ही पाणी देता, पण ते मुरू देत नाही. दिलं पाणी की लगेच दाबायला घेता. फोडीला मीठ लावल्या लावल्या कुणी लोणचं वाढतं का?"

आबांनी संशयाने माझ्याकडे बघितलं. "पाणी मुरतंय म्हणजे काहीतरी लबाडी चाललीय, असं म्हणतात."

"ते वेगळं. मुरलेलं लोणचं मऊ पडतं का? फोड शाबूत राहते. आणि टिकतं, वर्षभर."

त्यांनी आणखी एक फोड चावून बघितली. हात धुऊन आले आणि मग विचारलं, "कसं मुरवायचं?"

"पट्टी घासून चकचकीत करायची. कढईत वाळू तापवायची आणि त्या वाळूवर ठेवायची, मंद आचेवर. तिचा रंग बदलत जातो. आधी तुपासारखा पिवळट, मग तांबूस, मग जांभळा, आणि मग मोरपंखी निळा. निळा आला की लगेच काढायची."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं एकांनी."

कोण, ते त्यांनी खोदून विचारलं नाही. "मुरवायचं ना? उतरवायचं नाही ना?"

"मुरवायचं," मी म्हटलं.

माझी तळणीची लोखंडी कढई गेली, ती मी आनंदाने दिली. सकाळची वेळ होती. पाणी दिलेली, घासून लखलखीत केलेली कमान वाळूवर ठेवली आणि आम्ही दोघं कढईवर वाकून उभे राहिलो. किती वेळ काहीच झालं नाही. मग कडेने पिवळट झाक आली. आबांनी श्वास रोखला. पिवळट गेला, तांबूस आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना रंग नीट उमगत नसत, ते मला विचारत होते, "आता कोणता? आता?" आणि मला धड सांगता येईना, कारण रंग नुसते पळत होते. जांभळा म्हणावा तोवर त्यात निळं दिसायला लागलं.

"आता!"

हे मी म्हटलं नव्हतं. सुधीर दारात उभा होता, केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे. आबांनी मागे वळून बघितलं नाही. पण त्या आवाजासरशी त्यांनी सांडशीने कमान उचलली आणि फरशीवर ठेवली. मोरपंखी निळी. इतकी सुंदर वस्तू माझ्या कढईतून आजवर निघाली नव्हती. मी वळले तर दार रिकामं होतं.

गार झाल्यावर आबांनी ती पक्कडीत धरली. मी कानांवर हात ठेवले. त्यांनी दाबली, ती वाकली. आणखी दाबली, आणखी वाकली. सोडली, तर पहिल्यासारखी झाली. पुन्हा दाबली. आबांनी ती माझ्या तळहातावर ठेवली, 'कडक' म्हणायचंसुद्धा विसरले. दुपारपर्यंत कमान रायफलीत बसली होती.

"चढवून बघा ना घोडा," मी म्हटलं.

"मी कसा चढवणार? ज्याचं काम त्याने करायचं. नवमीला."

"मग तसं त्याला सांगा."

"तू सांग."

"आबा, हे तुम्ही सांगायचं. आत्ता. तो पुढच्या खोलीत बसलाय."

"सांगेन," ते म्हणाले. "नवमीला सांगेन. घाई काय आहे?"

आजही ते वाक्य आठवलं की मला त्यांचा राग येतो. घाई काय आहे! पितृपंधरवड्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. कंपूतल्या दवाखान्यात नेलं, माझ्या लॅबपासून अगदी जवळ. तिथेही त्यांचं एकच गाऱ्हाणं, गादी मऊ आहे. नर्सने "धुमाल जी" म्हणून हाक मारली तेव्हा त्यांनी बोट वर केलं, ओठ हलवले, पण ळ निघाला नाही. तेव्हा मी घाबरले.

दुपारी सुधीर खाली औषधं आणायला गेला होता. आबांनी मला जवळ बोलावलं.

"सुधीरला सांग," ते म्हणाले. मग थांबले, दम घेतला. "उतरवलं मी."

"आबा, तो येईलच आता. तुम्हीच सांगा त्याला. तुमच्या तोंडून ऐकू दे एकदा."

"तूच सांग. तुला सवय आहे."

सुधीर औषधं घेऊन आला तेव्हा आबांनी डोळे मिटले होते. झोप लागलीय असं वाटून त्याने उठवलं नाही. रात्र त्यांनी काढली नाही.

तेराव्यानंतर मी सुधीरला सांगितलं. लगेच सांगवलं नाही, वर्षभर निरोप पोचवले, पण हा पोचवता येईना. "आबांनी सांगितलंय, उतरवलं मी." सुधीरने विचारलं, "काय उतरवलं?" मी म्हटलं, "एवढंच म्हणाले." तो मोठ्याने रडला, दारात उभं राहून ओरडलेल्या त्या 'आता'नंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा झाला असेल.

घरातला माणूस गेला की वर्षभर सण नाही. रायफल अभंग, कमान नवी, निळी, नवमी दारात आलेली, आणि लाल कापड कपाटातच. इतकं सगळं करून शेवटी पूजा नाहीच! शर्मा भाभी येऊन विचारून गेल्या, तर काय सांगावं ते मला कळेना. नवमीच्या दिवशी मी लॅबला निघाले. खुंटीवरचा अ‍ॅप्रन मऊ होता, खांद्यांवर चिंधीसारखा पडला. मी तो काढून ठेवला आणि गेलेच नाही.

सुधीरने कपाट उघडलं. "जरा तेल लावून ठेवतो, गंज चढेल," असं म्हणत त्याने लुगडं सोडलं आणि रायफल बाहेर काढली. कापड नाही, झेंडू नाही, हळदकुंकू नाही. जमिनीवर मांडी घालून त्याने ती पुसली, तेल लावलं. मग बराच वेळ ती तशीच मांडीवर धरून बसला. अंगठा घोड्यावर होता. त्याने घोडा मागे ओढला. आत कमान दबल्याचं मला ऐकू आलं, मी डोळे मिटून घेतले. चाप ओढला.

टक्.

खणखणीत. घरभर गेला तो आवाज.

सुधीरने घोड्यावरून हात फिरवला. माझ्याकडे न बघता, नेहमीच्याच आवाजात तो म्हणाला, "आबांना सांग, टिकली."

"सांगते," मी म्हटलं, आणि उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.